दवाखान्याची प्रत : यवतमाळ जिल्ह्यातील रुग्णसेवेच्या मापनाचा आढावा

कापसाचा हंगाम भरात आला की यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दारव्हा यांपैकी कोणत्याही बाजाराच्या आवारात एक दृश्य हमखास दिसते. गाड्यांची रांग लागलेली असते. रात्र रांगेतच काढलेला शेतकरी आपल्या गाडीपाशी उभा असतो. ग्रेडर येतो, मूठभर कापूस उपसतो, चिमटीत धरून धागा ओढून पाहतो, ओलाव्याचा अंदाज घेतो, आणि प्रत सांगून पुढच्या गाडीकडे वळतो. ज्याने ते पीक मृगापासून दिवाळीपर्यंत जगवले त्याचे या प्रतीविषयी काय मत आहे, हे विचारण्याची चाल १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीच्या योजनेतही पडली नाही, आणि तिच्यामागून आलेल्या खाजगी व्यापाऱ्यांनीही ती पाडली नाही. सरकारी दवाखान्यांची प्रत ठरविण्याचा जो उद्योग गेली काही वर्षे मोठ्या उत्साहाने चालला आहे, त्याचे स्वरूप पाहिले म्हणजे मला या दृश्याची आठवण होते. अंतर एवढेच, की येथे ज्याची प्रत लागते तो माल रुग्णाने पिकविलेला नसून रुग्णाच्या पदरात पडणारा आहे. आणि तरीही रुग्ण बाजूलाच उभा असतो.

मापनाच्या दृष्टीने यवतमाळ हा सोपा जिल्हा नव्हे. वऱ्हाडच्या जुन्या कागदपत्रांत वणीच्या नावाने ओळखला जाणारा आणि १९०५ साली यवतमाळ हे नाव पावलेला हा मुलूख साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला असून त्याचे सोळा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत येथे २७ लक्ष ७२ हजार माणसे मोजली गेली, आणि त्यांतील सुमारे १८ टक्के आदिवासी होती. गोंड, परधान, आंध हे समाज तर येथे आहेतच. पण महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून शासनदप्तरी नोंदल्या आहेत त्यांपैकी कोलाम ही मुख्यतः याच बाजूची. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांत मूळ गावापासून फटकून, टेकडीच्या पोटाशी वसलेले जे त्यांचे पोड असते, ते महसुली नकाशावर गावाच्या नावाखाली झाकले जाते. पुसद, दिग्रस, महागाव या बाजूला बंजाऱ्यांचे तांडे आहेत. म्हणजे कोलामी, गोंडी, गोरमाटी आणि वऱ्हाडी अशा चार बोली घेऊन माणसे दवाखान्याच्या ओट्यावर येतात, आणि तेथे त्यांची गाठ पडते ती पुस्तकी मराठीतल्या फलकाशी व इंग्रजीतल्या औषधाच्या पाकिटाशी. मैदानी मुलखात तीस हजार आणि आदिवासी व डोंगराळ मुलखात वीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजार वा तीन हजारांमागे एक उपकेंद्र, हे मानक सर्वांस ठाऊक आहे. मानकात लोकसंख्या असते. पोड आणि दवाखाना यांच्यामधला भरलेला नाला नसतो, आणि राळेगावच्या जंगलपट्टीत नरभक्षक ठरविलेल्या वाघिणीच्या धास्तीने २०१८ च्या पावसाळ्यात जी माणसे सांजवेळी घराबाहेर पडेनाशी झाली होती त्यांची धास्तीही नसते.

मोजण्याची परंपरा मात्र जुनी आहे. इंग्रजी अमलात गावच्या पाटलाने जन्ममृत्यूची वर्दी द्यावी आणि पटकी-देवीची साथ आल्यास तहसिलीस कळवावे, असा परिपाठ होता. म्हणजे माणूस आजारी असताना त्याला काय वाटले याच्या कितीतरी आधी, तो मेला किती तारखेस याची नोंद सरकारने सुरू केली होती. १९४६ च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली, १९५२ पासून समूहविकास योजनेबरोबर ती केंद्रे उभी राहू लागली, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर त्यांचा कारभार परिषदेकडे गेला. पुढच्या तीन दशकांत ज्या एका आकड्याने या केंद्रांवर राज्य केले तो कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचा. मार्चअखेर उद्दिष्ट पुरे झाले की केंद्र चांगले, न झाले की वाईट. इतका सरळ हिशेब होता. तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक सगळे ‘केस’ आणण्यास जुंपले जात. १९९६ साली ही उद्दिष्टपद्धती अधिकृतपणे मागे घेण्यात आली. परंतु तिने लावलेले वळण एका परिपत्रकाने जाण्यासारखे नव्हते. माणूस हा एखाद्या आकड्याचा घटक म्हणून दवाखान्यात येतो, ही समजूत दप्तरांत मुरून राहिली. त्याच काळात जामखेडला रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून निरक्षर खेडूत बायकांच्या हाती आरोग्याचे काम सोपवून दाखविले होते आणि १९७८ च्या अल्मा-आताच्या जागतिक परिषदेत ज्या विचाराचा उद्घोष झाला त्याला अशा प्रयोगांचा आधार होता, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह खरी. सरकारी मापपट्टीवर मात्र तिची खूण फारशी उमटली नाही.

गुणवत्ता या शब्दास शास्त्रीय अर्थ देण्याचे श्रेय बहुतेक जण अमेरिकेतील अव्हेडिस डोनाबेडियन यांना देतात. १९६६ साली त्यांनी सेवेच्या परीक्षणाची तीन अंगे सांगितली : साधनसामग्री, प्रत्यक्ष कृती आणि फलित. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके २००७ साली आली, २०१२ व २०२२ मध्ये सुधारली गेली, आणि त्यांचा भर स्वाभाविकपणेच पहिल्या अंगावर राहिला, कारण खाटा, खोल्या आणि पदे मोजणे सर्वांत सुकर. त्यानंतर राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके आली. त्यांत सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधने, पूरक सेवा, उपचार, जंतुसंसर्गाचे नियंत्रण, गुणवत्तेची व्यवस्था आणि फलित अशी आठ क्षेत्रे आहेत. परीक्षक निरीक्षण करतो, कर्मचाऱ्यांस विचारतो, दप्तर तपासतो आणि रुग्णांशीही बोलतो. प्रत्येक मुद्द्यास दोन, एक वा शून्य गुण देतो. आणि सत्तर टक्क्यांची मजल गाठल्यास केंद्रास प्रमाणपत्र मिळते. २०१५ पासून स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ पुरस्कारही आहे.

या पद्धतीची थट्टा करण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो होत नाही. ज्या प्रसूतिगृहात पूर्वी पाण्याचा नळ कोरडा असे तेथे तो वाहू लागला, जैववैद्यकीय कचऱ्याच्या रंगीत पिशव्या आल्या, प्रसूतीच्या टेबलापाशी पडदा आला, औषधांची मुदत पाहिली जाऊ लागली; या गोष्टी क्षुल्लक नाहीत, आणि ज्या बाईला पडद्यावाचून बाळंत व्हावे लागले आहे तिच्यापुढे त्यांना क्षुल्लक म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. माझा आक्षेप निराळा आहे. या मापाने जे दिसते ते केंद्राच्या भिंतीच्या आतले. रुग्णाचा आजार मात्र भिंतीबाहेर, शेतात, सावकाराच्या ओसरीवर, जंगलाच्या वाटेवर सुरू झालेला असतो.

२०१७ च्या पावसाळ्याअखेरीस या जिल्ह्यात जे घडले ते या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती, बोंडअळीने कहर केला होता, आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन त्या दाट पिकातून चालणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांच्या अंगावर कीटकनाशकांच्या मिश्रणाचे तुषार दिवसभर पडत राहिले. डोळ्यांची आग, मळमळ, वांती, धाप, शुद्ध हरपणे अशा तक्रारींनी शेकडो माणसे यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाली आणि जिल्ह्यात वीसहून अधिक दगावली. विशेष तपास पथक नेमले गेले, औषधविक्रेत्यांवर कारवाई झाली, मोनोक्रोटोफॉसचे नाव घरोघर पोचले. मला येथे विचार करावयाचा आहे तो प्राथमिक केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीचा. फवारणी करून आलेला मजूर जेव्हा मळमळ व डोकेदुखी सांगतो, तेव्हा त्या वहीत त्याचे नाव, वय, लिंग, लक्षण आणि दिलेले औषध एवढे लिहिले की रकाने संपतात. ‘काल काय काम केले?’ या प्रश्नास त्यात रकाना नाही. तो प्रश्न विचारणारा डॉक्टर आणि न विचारणारा डॉक्टर या दोघांचे दप्तर सारखेच दिसते. दोघांचे गुणही सारखेच भरतात. फरक फक्त मजुराला कळतो, आणि कधीकधी त्याच्या घरच्यांनाच तेवढा कळतो. रुग्णकेंद्री सेवा या जडजंबाल शब्दाचा अर्थ कोणी मला थोडक्यात विचारला तर मी या एका प्रश्नाकडे बोट दाखवीन.

दुसरे उदाहरण लहान, पण बोलके. ३१ जानेवारी २०२१ च्या पोलिओ मोहिमेत घाटंजी तालुक्यातील एका गावी बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. मुलांना वांत्या झाल्या, त्यांना यवतमाळला नेण्यात आले, ती बरी झाली, संबंधितांवर कारवाई झाली. देशभर चर्चा झाली ती हलगर्जीपणाची. परंतु मापनाच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट टिपावी : ही चूक लक्षात आलीच नसती, तर लसीकरणाच्या टक्केवारीत ती बाराही मुले लाभार्थी म्हणूनच बसली असती. व्याप्तीचा आकडा हा किती मुलांपुढे कुपी धरली हे सांगतो. कुपीत काय होते हे सांगत नाही.

जगभरच्या अभ्यासकांनाही हे उशिरा उमगले. ‘लॅन्सेट’च्या २०१८ सालच्या आयोगाने गरीब व मध्यम देशांतील टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा हिशेब मांडला तेव्हा असे आढळले, की सेवा न मिळाल्याने मरणाऱ्यांपेक्षा सेवा मिळूनही ती निकृष्ट असल्यामुळे मरणारे अधिक आहेत, एकट्या भारतात निकृष्ट सेवेमुळे होणारे मृत्यू वर्षाला सुमारे सोळा लाख धरले गेले. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशाच्या खेड्यांत शिकविलेले बनावट रुग्ण डॉक्टरांकडे पाठविले. त्या पाहणीत सेवा देणाऱ्यांपैकी ६७ टक्क्यांजवळ कोणतीच वैद्यकीय पदवी नव्हती, हे जितके धक्कादायक, तितकेच हेही, की सरकारी दवाखान्यात घाईने रुग्ण उरकणारा डॉक्टर आपल्या खाजगी दवाखान्यात तशाच रुग्णाला अधिक वेळ देतो व अधिक प्रश्न विचारतो. म्हणजे उणीव केवळ ज्ञानाची नव्हे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक संकलनात प्राथमिक तपासणीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे निघाला. यवतमाळच्या बाजारच्या दिवशी केंद्रापुढे लागलेली रांग ज्याने पाहिली आहे त्याला आपण यांपैकी कोणत्या टोकाला आहोत हे सांगण्यासाठी घड्याळ लागणार नाही.

तर मग मापावे काय? अमेरिकेतील बार्बरा स्टारफील्ड यांनी प्राथमिक सेवेची चार लक्षणे सांगितली होती, ती आजही कामास येतात : आजारी पडताच पहिली धाव तेथे घ्यावीशी वाटणे, तोच माणूस वर्षानुवर्षे भेटणे, बहुतेक दुखण्यांची व्यवस्था तेथेच होणे, आणि पुढे पाठविल्यास मागचा धागा न तुटणे. याच विचाराच्या वाटेवर २०१९ साली रेबेका एट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा प्रश्नांची एक लहानशी प्रश्नावली सिद्ध केली, आणि ती करण्यापूर्वी रुग्ण, डॉक्टर आणि खर्च भागविणारे या तिघांनाही चांगल्या सेवेची खूण कोणती ते विचारले. तिच्यात रक्तदाब नाही, साखर नाही, लसीची टक्केवारी नाही. सेवा सहज मिळते काय. डॉक्टर मला माणूस म्हणून ओळखतो काय. माझे घर, माझी वस्ती त्याच्या ध्यानात असते काय. आम्ही दोघांनी मिळून काही कठीण प्रसंग काढले आहेत काय. वेळ पडल्यास तो माझी बाजू घेतो काय. अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. श्रीमंत देशांच्या अनेक भाषांत ती तपासून पाहिली गेली आहे.

ही प्रश्नावली घेऊन झरी जामणीच्या एखाद्या पोडावर गेले तर काय होईल, याची कल्पना करून पाहणे उद्बोधक आहे. ‘तुमचा डॉक्टर’ या शब्दापाशीच पहिली ठेच लागेल. वैद्यकीय अधिकारी बंधपत्रावर एक वर्षासाठी येतो, पदव्युत्तर प्रवेशाच्या अभ्यासाची पुस्तके बरोबर आणतो, आणि जाताना घेऊन जातो. त्याच्यात व कोलाम कुटुंबात मिळून काढलेला कठीण प्रसंग असावा कसा? परंतु म्हणून उत्तर ‘मुळीच नाही’ असे लिहिणे ही घोडचूक होईल. त्याच बाईला उपकेंद्राच्या सिस्टरविषयी विचारा, आशाताईविषयी विचारा. दोन बाळंतपणे जिच्या हातून झाली, सासूशी भांडून जिने मुलीला शाळेतून काढू दिले नाही, रात्री १०८ ची गाडी नाल्यापलीकडे अडकली तेव्हा जी खाटेच्या एका टोकाला खांदा देऊन चालली, तिच्याविषयी विचारले तर अकरापैकी सात-आठ प्रश्नांना भरघोस होकार मिळेल, असे अशा वस्त्यांशी परिचय असणारा कोणीही सांगेल. माझे या संपूर्ण विषयावरचे मत असेल तर ते हे : या जिल्ह्यात रुग्णाला ओळखणारी संस्था म्हणजे डॉक्टर नव्हे, तर परिचारिका व आशा, आणि आपली सारी मापे मात्र डॉक्टरच्या खुर्चीसमोर टांगलेली आहेत. आशाताईचे मोल ठरविताना आपण प्रसूतीमागे इतके, लसीमागे इतके असा कामाच्या नगावर मोबदला मोजतो. तिने किती माणसांना ओळखले याचा रकाना तिच्या डझनभर वह्यांपैकी एकीतही नाही. वह्या मात्र वाढत जातात. गुणवत्ता मोजण्यासाठी आणखी एक वही तिच्याच पिशवीत घालणार असाल तर ते मापन न केलेले बरे.

दुसरी ठेच भाषेची. ‘आपण मिळालेल्या सेवेबाबत समाधानी आहात काय?’ असा प्रश्न केंद्राच्या ओट्यावर, औषधाच्या खिडकीसमोर, गळ्यात ओळखपत्र लटकाविलेल्या माणसाने विचारला, तर वऱ्हाडी माणूस काय उत्तर देणार? ‘चांगलंच हाये बाप्पा, काहून वाईट म्हणू?’ त्या ‘काहून’मध्ये केवढा अर्थ भरला आहे! उद्या पुन्हा याच खिडकीशी यायचे आहे. सिस्टर गावातलीच आहे. आणि जे फुकट मिळते त्याला नावे ठेवणे हे कृतघ्नपणाचे लक्षण, ही शिकवण तर हाडीमासी खिळलेली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले, हे उत्तमच झाले. पण फुकट आणि हक्काचे यांतला भेद अजून रुग्णाच्या मनात पुरता उतरलेला नाही. समाधानाच्या पाहण्यांत नव्वद-नव्वद टक्के होकार येतात ते यामुळे, आणि त्या होकारांचा अर्थ लावताना त्यांना संमतिदर्शक नव्हे तर सौजन्यदर्शक मानणे शहाणपणाचे ठरते. ‘मेरा अस्पताल’ ही २०१६ साली केंद्र शासनाने सुरू केलेली योजना दूरध्वनी व लघुसंदेशाने रुग्णाचा अभिप्राय मागविते. तीत विचारणारा समोर उभा नसतो हा मोठा गुण. परंतु ज्या घरात एकच फोन असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात शेतावर जातो, त्या घरातील बाळंतिणीचा अभिप्राय कोण नोंदविणार?

समाधान विचारू नये, घडले काय ते विचारावे, असा एक उपाय अभ्यासक सुचवितात आणि तो मला पटतो. डॉक्टरने हात लावून तपासले काय? गोळी कशाची ते सांगितले काय? तुमच्या बोलीत सांगितले काय? बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली काय? यवतमाळला पाठविले तेव्हा बरोबर कागद दिला काय, आणि परत आल्यावर तो कोणी वाचला काय? अशा प्रश्नांना भिडेखातरही खोटे उत्तर देणे कठीण जाते, कारण त्यांत कोणाला नावे ठेवावी लागत नाहीत.

परत आल्यावर कागद वाचणे ही किरकोळ बाब नाही. या जिल्ह्यात प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, आणि यवतमाळचे मोठे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयाचे. एकच रुग्ण तीन अमलांतून फिरतो, जणू तीन संस्थानांच्या हद्दी ओलांडतो, आणि प्रत्येक नाक्यावर त्याचा केस पेपर नव्याने निघतो. शिवाय माणसे नकाशा पाहून आजारी पडत नाहीत. उमरखेडचा रुग्ण शंभरावर किलोमीटर तुडवीत यवतमाळला जाण्यापेक्षा नांदेड गाठतो, वणीचा चंद्रपूर वा नागपूर, आणि पैनगंगेच्या काठचा कित्येकदा तेलंगणातले आदिलाबाद. सिकलसेलचा रुग्ण घ्या. विदर्भातील आदिवासी व काही दलित समाजांत हा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०२३ साली त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासलेल्या माणसांचे आकडे लाखांनी आणि वाटलेल्या कार्डांचे हजारांनी प्रसिद्ध होत असतात. परंतु त्या कार्डाच्या धन्याला महिन्याच्या महिन्याला हायड्रॉक्सियुरिया व फॉलिक ॲसिड त्याच्या उपकेंद्रावर मिळते काय, हाडे ठणकू लागली की कोणत्या दारी जायचे हे त्याला ठाऊक आहे काय, आणि त्या दारचा माणूस त्याला नशेची सुई मागायला आलेला समजतो की ओळखतो, यावर त्या सेवेची प्रत ठरते. तपासणीची संख्या हा आरंभ. आपण मात्र तिलाच पूर्णविराम मानतो.

मापाचा काटा लोकांच्या हाती देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झालेला आहे, आणि तो यवतमाळच्या वेशीपर्यंत येऊन पोचला होता. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत शेजारचा अमरावती होता. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने गावोगावच्या समित्यांनी आपल्या उपकेंद्राचे व केंद्राचे प्रगतिपुस्तक भरले. चांगल्यास हिरवा, मध्यमास पिवळा, वाईटास लाल असे रंग दिले, म्हणजे अक्षरशत्रूलाही ते वाचता यावे. आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांना मंचावर बसवून एकेका लाल खुणेचा जाब विचारला. त्या सभांत आरडाओरड होई, राजकारण शिरे, कित्येकदा साध्या परिचारिकेवर वरच्यांचे खापर फुटे. हे दोष खरे आहेत. परंतु बाहेरून औषध लिहून देण्याची चाल, बाळंतिणीकडून पैसे उकळण्याची चाल, दाराला कुलूप असलेले उपकेंद्र, या गोष्टी तपासणी पथकाच्या दोन-एक-शून्यात कधी सापडल्या नसत्या त्या तेथे सापडल्या, आणि काही मिटल्याही.

विचारण्याची याहून शांत रीत गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी दाखविली. त्यांनी आदिवासींना विचारले की तुम्ही रुग्णालयात का येत नाही. तेव्हा पांढरी वस्त्रे तर आम्ही प्रेताला घालतो, नातलगांना तुम्ही बाहेर काढता, मोठ्या इमारतीची भीती वाटते, अशी उत्तरे आली. मग झोपड्यांच्या पाड्यासारखे, नातेवाइकांना राहता येईल असे, आणि लोकांच्याच देवतेचे, माँ दंतेश्वरीचे नाव धारण करणारे रुग्णालय उभे राहिले. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयाने उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने सुगीला ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन गावाच्या उपचाराची हमी दिली होती. रोकड कोणत्या महिन्यात हाती असते हे ज्याने विचारले त्यालाच असे सुचते. मनाच्या आजारांबाबत तर यवतमाळने या प्रयोगांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. शेतकरी-आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. २०१५ साली येथे व उस्मानाबादेत बळीराजा चेतना अभियान आले, आशांकरवी ताणग्रस्त कुटुंबांची चाचपणी करणारा ‘प्रेरणा’ प्रकल्प आला. मात्र अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने दाखविलेली गोष्ट मोलाची आहे : गावातल्याच कार्यकर्त्यांनी, गावच्या भाषेत, ‘टेन्शन’ या रुळलेल्या शब्दाचा आधार घेत विचारपूस केली तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा आकडा मला फार आवडतो, कारण त्याचा भाजक दवाखान्यात आलेल्यांचा नसून वस्तीत दुखणे घेऊन बसलेल्यांचा आहे.

सारी अडचण या भाजकापाशी येऊन ठेपते. केंद्राच्या दारात उभे राहून घेतलेली प्रत्येक मुलाखत ही जो आला त्याची मुलाखत होय. जो एकदा अपमान गिळून परत गेला आणि पुन्हा फिरकला नाही, जो थेट खाजगी दवाखान्यात सलाईन लावून घेण्यास गेला, जो भगताकडे गेला, तो तीत नसतो, आणि सेवेच्या प्रतीविषयी सर्वांत निर्णायक मत तर त्याचेच. म्हणून मापन पोडाच्या टोकाच्या घरापासून सुरू करून केंद्राकडे यावे, केंद्रापासून सुरू करून पोडाकडे जाऊ नये, असे मला वाटते. पांढरकवडा व पुसद येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांची कार्यालये, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि वैद्यकीय महाविद्यालयाचा सामाजिक वैद्यकशास्त्र विभाग यांनी मनावर घेतले तर वर्षाकाठी शंभरेक घरांत, बोली जाणणाऱ्या माणसांकरवी, दहाबारा प्रश्न विचारणे अवघड नाही. शंभर घरांवरून केंद्रांचा क्रम लावू नये, प्रथम-द्वितीय काढू नये, पगार वा बदली त्याला जोडू नये. लहान आकड्यांत दैवाचा वाटा मोठा असतो, आणि ज्या दिवशी गुणांवर शिक्षा ठरू लागते त्या दिवसापासून वह्या लिहिणारे हात अधिक चतुर होतात, हे उद्दिष्टांच्या जमान्याने शिकविलेलेच आहे.

हे विचारावे कधी, हाही प्रश्न आहे. भाद्रपद-आश्विनात फवारणी, मग वेचणी. त्या दिवसांत घरी सापडतात ती म्हातारी माणसे व लेकरे. दिवाळी झाली की पुसद-महागावकडच्या तांड्यांतून माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीवर, नाहीतर दूरच्या शहरांत बांधकामावर निघतात. गरोदर बाई ज्या सिस्टरच्या वहीत चढलेली असते तिच्या हद्दीबाहेर बाळंत होते आणि फाल्गुनात अंगावर मूल घेऊन परतते. शासकीय पाहण्या मात्र बहुधा आर्थिक वर्ष सरण्याच्या बेताने निघतात. पाहणी करणारा तांड्यावर पोचतो, ओळीने चार दारांना कुलपे पाहतो, नियमाप्रमाणे कागदावर ‘घर बंद’ असे लिहितो आणि त्याबदली पाचव्या, उघड्या दाराशी जातो.